अंगठ्यापासून पडद्यापर्यंत: कन्सोलवरचा खर्च आधी कुठे करावा

नवा कन्सोल घ्यायचा म्हटलं की बोलणं लगेच ग्राफिक्सवर जातं. पण गेम हाताला कसा लागतो, हे ठरतं अंगठा हलल्यापासून पडद्यावरचं पात्र हलेपर्यंतच्या वाटेत. या वाटेवर आधी कंट्रोलरच्या स्टिकमधला, म्हणजे अंगठ्याने ढकलायच्या दांडीतला, सेन्सर येतो, मग वायरलेस, मग गेमचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, मग केबल आणि शेवटी टीव्ही. यातला एक टप्पा जरी मागे पडला तरी बाकीच्यांवर घातलेला पैसा जाणवत नाही. माझं ठाम मत असं की खर्च आणि मेहनत याच वाटेने, याच क्रमाने करावी. स्टोरेज, चार्जिंग स्टँड, रंगीत कव्हरं हे सगळं नंतर.

स्टिक का सरकते

वाटेवर सगळ्यात आधी दगा देते ती स्टिक. पीएस५ चा ड्युअलसेन्स, एक्सबॉक्सचा नेहमीचा कंट्रोलर आणि निन्टेन्डो स्विचचा प्रो कंट्रोलर या तिघांच्याही स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतात. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे असतो तोच प्रकार, फक्त आकाराने लहान. प्रत्येक स्टिकला असे दोन: एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. आत कार्बनचा पातळ थर असतो आणि त्यावर धातूची बारीक पत्ती घासत फिरते. पत्ती कुठे आहे त्यानुसार व्होल्टेज बदलतं आणि कंट्रोलरला स्टिकची जागा कळते.

घासणं आलं तिथे झीज आलीच. स्टिक कुठेही ढकलली तरी सोडल्यावर मध्यावरच परत येते, म्हणून कार्बनही मध्याच्या आसपासच सर्वांत जास्त झिजतो. झिजलेली भुकटी पत्तीखाली अडकते, व्होल्टेज थरथरतं, आणि हात न लावता पात्र चालायला लागतं. हाच तो ड्रिफ्ट. आणखी दोन कारणं बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. एक म्हणजे स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल पडते. दुसरं, स्टिकचा दांडा कंट्रोलरच्या गोल कडेवर घासतो आणि तिथून निघालेली प्लास्टिकची पांढरी भुकटी आत पडते. कडेवर पांढरट पट्टा दिसायला लागला की ब्रशने झटकत जा, थोडक्यात निभावेल.

कारण कोणतं हे आकड्यांवरून कळतं. कंट्रोलर यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि ब्राउझरमध्ये चालणारं कुठलंही गेमपॅड टेस्टर उघडा. तिथे प्रत्येक अक्षाची किंमत उणे १ ते १ या दरम्यान दिसते. ड्युअलसेन्सवर स्टिक सोडल्यावर ०.००४ दिसलं तर घाबरू नका. हा कंट्रोलर जागा ० ते २५५ अशा २५६ पायऱ्यांत सांगतो, त्याला नेमका मध्य नसतो, म्हणून १२८ वर उभी असलेली धडधाकट स्टिकसुद्धा टेस्टरमध्ये ०.००४ दाखवते. खरी चाचणी अशी: स्टिक एका दिशेला पूर्ण ढकला आणि झटकन सोडा. चारही दिशांना दहा-दहा वेळा. दर वेळी कुठे येऊन थांबते ते बघा. ०.०५ च्या आत थांबत असेल तर कंट्रोलर ठीक आहे. एकाच ठरावीक बाजूला, एकाच किमतीवर थांबत असेल तर मध्य सरकलाय किंवा स्प्रिंग सैल झालीय. आणि आकडा एका जागी न थांबता उड्या मारत असेल, तर कार्बन झिजलाय किंवा घाण अडकलीय. आकडा एका जागी थांबत असेल तर नव्याने कॅलिब्रेट करून, म्हणजे मध्य पुन्हा ठरवून भागतं, उड्या मारत असेल तर भागत नाही. हा फरक न बघता लोक थेट नवीन कंट्रोलर घेतात, याचं वाईट वाटतं.

दुरुस्ती, सोप्यापासून अवघडापर्यंत

आधी रीसेट. ड्युअलसेन्सच्या पाठीवर एक बारीक छिद्र असतं. कन्सोल पूर्ण बंद करून त्यात पिन घालून पाचेक सेकंद दाबा, मग केबल लावून पीएस बटणाने पुन्हा जोडा. याने जोडणीच्या तक्रारी जातात. झिजलेल्या कार्बनवर याचा काही उपयोग नाही, पण मिनिटभराचं काम आहे. स्विचवर तर सिस्टम सेटिंगमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरच्या विभागात स्टिक कॅलिब्रेट करायची सोयच दिलेली आहे, ती आधी वापरावी.

मग डेड झोन. मध्याच्या आसपासची थोडी हालचाल गेम मुद्दाम दुर्लक्षित करतो, ती जागा म्हणजे डेड झोन. तो वाढवला की ड्रिफ्ट लपतो, पण फुकट नाही लपत: नेम धरताना लागणारी बारीक हालचालही त्यातच बुडते. गाड्यांच्या किंवा नेमबाजीच्या गेममध्ये हे लगेच जाणवतं. तात्पुरता इलाज म्हणूनच त्याकडे बघावं.

साफसफाई करायची तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. कंट्रोलर बंद करा, स्टिक एका बाजूला झुकवा, खालच्या घुमटाच्या कडेला दोन-तीन थेंब सोडा, स्टिक वीस-तीस वेळा गोल फिरवा आणि अर्धा तास सुकू द्या. तेलकट स्प्रे मारू नका. तेल आत राहतं, त्याला धूळ चिकटते आणि पंधरा दिवसांत अवस्था आधीपेक्षा वाईट होते. साफसफाईने बरा झालेला कंट्रोलर काही आठवड्यांनी पुन्हा सरकायला लागला तर नवल नाही. भुकटी निघाली तरी गेलेला कार्बन परत येत नाही.

शेवटी मॉड्यूल, म्हणजे सेन्सरसकट अख्खी स्टिक, बदलणं. इथे कंट्रोलर-कंट्रोलरमध्ये मोठा फरक आहे. स्विचच्या जॉय-कॉनची, म्हणजे कन्सोलच्या बाजूंना लागणाऱ्या छोट्या कंट्रोलरची, स्टिक रिबन केबलवर असते, सोल्डरिंग (धातू वितळवून झाळणं) लागत नाही. मागचे चार स्क्रू तीन टोकांचे असतात, त्यासाठी वाय००चा स्क्रूड्रायव्हर लागतो. कव्हर उघडताना मात्र झटका देऊ नका, दोन्ही भागांना जोडणाऱ्या केबली आखूड आहेत. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला दोन्ही बाजूंच्या पकडीच्या पट्ट्या उचकटाव्या लागतात आणि टी८ सिक्युरिटी टॉर्क्स, म्हणजे मध्ये छिद्र असलेला बिट लागतो. पाच स्क्रूंपैकी पाचवा सेलच्या खणात, स्टिकरखाली लपलेला असतो. तो न काढता जोर लावला की कव्हरला तडा जातो. ड्युअलसेन्समध्ये खालची काळी पट्टी काढल्यावर दोन स्क्रू दिसतात, बाकीचे दोन एल१ आणि आर१ च्या टोप्या काढल्यावर.

ड्युअलसेन्स आणि एक्सबॉक्सची स्टिक बोर्डावर १४ पायांनी झाळलेली असते: सहा पाय दोन पोटेन्शिओमीटरचे, चार दाबायच्या बटणाचे, चार चौकटीचे. खरी अडचण ग्राउंडच्या, म्हणजे विजेच्या परतीच्या, पायांवर येते. ते तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेले असल्याने सगळी उष्णता पट्टा ओढून घेतो आणि झाळलेला डाग वितळतच नाही. मग माणूस सोल्डरिंगचं आयर्न धरून ठेवतो आणि बोर्डावरचा बारीक पॅड, म्हणजे पाय झाळायची तांब्याची टिकली, उखडतो. पॅड गेला तर बोर्डच गेला म्हणायचा. आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवा, फ्लक्स (सोल्डर नीट वाहायला मदत करणारा लेप) सढळ हाताने लावा आणि प्रत्येक पायावर आधी थोडं शिसं असलेलं सोल्डर मिसळा. कारखान्यातलं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, शिशाचं १८३ ला. दोन्ही मिसळली की डाग कमी उष्णतेत सैल होतो. अजून सुरक्षित युक्ती म्हणजे जुनं मॉड्यूल वाचवायचा मोह सोडायचा, ते कटरने तोडून काढायचं आणि पाय एकेक करून चिमट्याने ओढून घ्यायचे. आयुष्यात पहिल्यांदा आयर्न हातात धरणार असाल तर आधी एखाद्या निकामी बोर्डावर हात बसवा.

नवीन मॉड्यूल बसवल्यावर ड्युअलसेन्सच्या मेमरीत मध्यबिंदू नव्याने लिहावा लागतो, कारण जुना मध्य जुन्या मॉड्यूलचा असतो. हे न केल्यामुळे नवी कोरी स्टिकही सरकताना दिसते आणि लोक मॉड्यूलला दोष देतात.

हॉल, टीएमआर आणि माझा हट्ट

एवढं करायचंच तर पुन्हा पोटेन्शिओमीटर बसवू नका. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये दांड्याला चुंबक असतो आणि सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. दोघांचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे झिजायला कार्बन नाही. टीएमआर त्याच कुळातला पुढचा प्रकार: वीज कमी खातो आणि बारीक हालचाल जास्त स्वच्छ पकडतो. वायरलेस कंट्रोलरसाठी मी टीएमआरच सुचवेन. स्प्रिंग मात्र दोन्हींत असते आणि ती सैल पडू शकते, त्यामुळे कधीच बिघडत नाही असा दावा कुणी केला तर मान्य करू नका.

हे तंत्र नवं नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच हॉल सेन्सर होते. म्हणूनच २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या जॉय-कॉन २ मध्येही ते नाहीत याची खंत वाटते. सोनीच्या ड्युअलसेन्स एजने वेगळी वाट धरली: स्टिक पोटेन्शिओमीटरचीच, पण पाठीवरची खिटी सरकवून पुढचं कव्हर काढायचं, छोटी दांडी उचलायची आणि अख्खं मॉड्यूल ओढून नवं बसवायचं. सोल्डरिंग नाही, मिनिटभराचं काम. ही रचना प्रत्येक कंट्रोलरमध्ये असायला हवी होती. तिची उणी बाजू बॅटरीत आहे: साध्या ड्युअलसेन्समध्ये १,५६० मिलिॲम्पिअर-अवर, एजमध्ये १,०५०. याच बाबतीत एक्सबॉक्सचे दोन डबल-ए सेल मला आजही सर्वांत शहाणे वाटतात. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे चार सेल ठेवा, दोन कंट्रोलरमध्ये, दोन चार्जरवर. सेल थकले तर सेल बदला, कंट्रोलर तोच राहतो. फक्त जुना आणि नवा सेल एका जोडीत घालू नका.

इतर कंपन्यांचा हॉल स्टिकवाला कंट्रोलर घेताना खोक्यावर तुमच्या कन्सोलचं नाव आहे का ते बघा. एक्सबॉक्सने नोव्हेंबर २०२३ पासून परवाना नसलेल्या ॲक्सेसरीज अडवायला सुरुवात केली. पीएस५ चे गेम पीएस४ चा कंट्रोलर घेतच नाहीत. स्विचसाठीच्या स्वस्त कंट्रोलरमध्ये कधी कन्सोल झोपेतून उठवायची सोय नसते, कधी अमीबो (निन्टेन्डोच्या चिप असलेल्या बाहुल्या) वाचायची. आणि ट्रिगर, म्हणजे तर्जनीने ओढायची मागची बटणं: ड्युअलसेन्सचे ताण देणारे ट्रिगर कथेच्या गेममध्ये सुरेख वाटतात, पण स्पर्धेच्या गेममध्ये प्रत्येक गोळीला बोटावर फुकटचा भार. सेटिंगमधून बंद करा, बॅटरीही जास्त टिकते.

हवेतून कन्सोलपर्यंत

कंट्रोलर, हेडसेटचा डोंगल (कन्सोलच्या यूएसबीत खोचायचा रिसीव्हर), वायफाय, सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच गर्दीत बोलतात. त्यात यूएसबी ३ ची बाहेरची ड्राइव्ह आणि तिची केबल याच पट्ट्यात आवाज सोडतात. हेडसेट कडकड करत असेल किंवा बटण मध्येच हरवत असेल तर आधी डोंगल ड्राइव्हच्या शेजारून हलवा. पहिल्या पीएस५ ला पुढचं चौकोनी पोर्ट यूएसबी २.० चं आहे, डोंगलची जागा तीच. ड्राइव्ह मागे. पीएस५ वर केबल लावली म्हणजे कंट्रोलर केबलनेच बोलतो असंही नाही. ॲक्सेसरीजच्या सेटिंगमध्ये कम्युनिकेशन मेथड यूएसबीवर करावी लागते, नाहीतर केबल नुसती चार्ज करत बसते.

४० फ्रेमची गोष्ट

आता फ्रेमरेट, आणि इथे एक गणित आवर्जून समजून घ्यावं. ३० फ्रेमवर एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० वर १६.७. मग ४० फ्रेम म्हणजे किती? २५ मिलिसेकंद, दोन्हींच्या बरोबर मध्ये. ४० हा आकडा ३० च्या जवळचा वाटतो, पण हाताला लागतो तो वेळ, आणि वेळेच्या हिशेबात ४० ने अर्धी वाट गाठलेली असते. चित्राची प्रत जवळपास ३० वालीच राहते.

अट एकच, टीव्ही १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र दाखवणारा हवा. १२० ला ४० ने भाग पूर्ण जातो, प्रत्येक चित्र तीनदा दिसतं आणि हालचाल सरळ राहते. ६० हर्ट्झवर एक चित्र एकदा आणि पुढचं दोनदा दिसेल, कॅमेरा फिरवला की धक्के बसतील. २०२१ मध्ये रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट या गेमला अपडेटमधून हा मोड मिळाला आणि तेव्हापासून बऱ्याच गेममध्ये तो आला. ४० चा मोड असेल तर कथेच्या गेममध्ये माझी निवड तीच. मारामारी, नेमबाजी, गाड्या यांत मात्र ६० च्या खाली जाऊ नये, चित्र कितीही साधं दिसलं तरी.

व्हीआरआर, म्हणजे गेमच्या फ्रेमरेटनुसार टीव्हीने आपला वेग बदलणं, त्याबद्दल एवढंच: पीएस५ वर त्याचा पल्ला ४८ ते १२० हर्ट्झ आहे. ५०-५५ मध्ये रेंगाळणारा गेम त्याने गुळगुळीत होतो, ३५ वर कोसळणारा होत नाही.

केबल आणि टीव्ही

कन्सोलसोबत आलेली एचडीएमआय केबल चांगलीच असते, ती फेकून महागडी घेऊ नका. लांब हवी असेल तर अल्ट्रा हाय स्पीडचं प्रमाणपत्र असलेली, ४८ गिगाबिटची घ्या. खोक्यावरचा कोड स्कॅन करून खरं-खोटं तपासता येतं. तीन मीटरच्या पुढे साधी तांब्याची केबल अडखळायला लागते: पडदा क्षणभर काळा होतो किंवा पांढरे ठिपके चमकतात.

टीव्हीची सगळी पोर्ट सारखी नसतात. बऱ्याच टीव्हींत ४के चित्र १२० हर्ट्झवर फक्त एका-दोन पोर्टांवर चालतं, आणि त्यातलंच एक ईआर्कचं, म्हणजे साउंडबारचं निघतं. जुन्या साउंडबारमधून कन्सोल जोडला तर १२० हर्ट्झ तिथेच अडकतं. कन्सोल थेट टीव्हीला, आवाज टीव्हीकडून ईआर्कने साउंडबारला. शिवाय टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टाचं सिग्नल फॉरमॅट वाढवावं लागतं. कंपनीगणिक त्याचं नाव वेगळं. झालं की नाही हे एक्सबॉक्सवर टीव्ही आणि डिस्प्लेच्या पर्यायांतल्या ४के टीव्ही डिटेल्समध्ये ओळीने खुणा करून दिसतं, पीएस५ वर व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशनमध्ये.

गेम मोड चालू हवाच. चित्र गुळगुळीत करणारी प्रक्रिया दोन फ्रेमच्या मध्ये तिसरी बनवते, त्यासाठी तिला पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावं लागतं. हे थांबणं म्हणजेच लॅग. एचडीआर (उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवणारं चित्र) जुळवताना टीव्हीत एचजीआयजीचा, म्हणजे उजेडाचा हिशेब कन्सोलवर सोडायचा, पर्याय असेल तर तो आधी निवडा, मग कन्सोलचं एचडीआर ॲडजस्टमेंट करा. नाहीतर उजेड एकदा कन्सोल आवळतो, पुन्हा टीव्ही आवळतो, आणि ढगांमधला तपशील पांढरा फटक होतो. पीएस५ वर पहिल्या दोन पडद्यांत दिसणारी खूण जेमतेम नाहीशी होईल तिथे थांबा.

कानांचं थोडक्यात. पीएस५ आणि एक्सबॉक्स ब्लूटूथ हेडफोन थेट घेत नाहीत. स्विच सप्टेंबर २०२१ पासून घेतो, पण माइक चालत नाही आणि वायरलेस कंट्रोलर दोनच राहतात. डोंगलवाला हेडसेट किंवा कंट्रोलरला ३.५ मिमीचा साधा वायरवाला हेडफोन, दोन्ही चालतील. पीएस५ चा थ्रीडी आवाज साध्या स्टिरिओ हेडफोनवर चालतो. हेडसेटचं स्वतःचं सराउंड तेवढं बंद ठेवा. दोन्ही एकमेकांवर चढले की पावलं कुठून येतायत तेच कळत नाही.

स्टोरेज या वाटेवर नाही म्हणून शेवटी. पीएस५ ला चौथ्या पिढीची एनव्हीएमई ड्राइव्ह (आत बसवायची वेगवान एसएसडी), सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त वेगाची, आणि हीटसिंकसकट (उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) उंची ११.२५ मिमीच्या आत. उंच हीटसिंक घेतला तर झाकणच बसत नाही. स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं. जुन्या कार्डावरून फक्त फोटो आणि व्हिडिओ घेता येतात.

हे सगळं जमलं का, हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. फोनचा स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा, अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा टेकवा आणि उडी मारायचं बटण दाबा. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत, बटण खाली टेकल्यापासून पात्राचे गुडघे वाकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद, २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. दहा वेळा करून सरासरी काढा, कारण एकाच सेटिंगवरही दर वेळी थोडा फरक पडतोच. मग एकच सेटिंग बदला, फक्त गेम मोड किंवा फक्त फ्रेमरेट, आणि त्याच जागेवर तीच उडी पुन्हा मोजा.